किट लेन्सनंतर काय घ्यावं?

कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सनंतर थेट ७०-३०० एमएमची, दूरचं जवळ आणणारी झूम लेन्स घ्यावी का, या प्रश्नावर माझं मत : पक्ष्यांचं वेड नसेल तर थांबा, आधी एखादी एफ/१.८ प्राइम (झूम नसलेली लेन्स) घ्या. एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश. किट लेन्स ५५ एमएमला एफ/५.६ वर अडते, १.८ला जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. दिवेलागणीला खिडकीशी बसलेल्या आजीचा फोटो फ्लॅशशिवाय निघतो, डोळे धारदार आणि मागचा पडदा पार विरघळलेला. फक्त क्रॉप सेन्सरवर (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) ५० एमएम लेन्स साधारण ७५सारखं, म्हणजे जास्त जवळचं दाखवते. खोलीत मागे सरकता सरकता पाठ भिंतीला टेकते (माझी टेकली). म्हणून ३५ बरी. आणि हो, निकॉन डी३५००सारख्या कॅमेऱ्याच्या बॉडीत फोकस मोटर नसते. स्वस्तात मिळतेय म्हणून जुनी एएफ-डी लेन्स (ही बॉडीतल्या मोटरवरच फोकस करते) उचललीत, तर फोकस हातानेच फिरवत बसाल.