लेक्चर ऐकताना शब्द निसटतात, काय करू?

प्रश्न: आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंगच्या चौथ्या भागात, म्हणजे त्या सलग लेक्चरमध्ये अडकते, वाचताना कळणारे शब्दही ऐकताना निसटतात आणि ऑडिओ एकदाच लागतो.

उत्तर १: म्हणजे शब्द डोळ्यांना माहितीये, कानाला नाही. छोटी क्लिप घे, आधी नुसती ऐक, मग ऐकू येईल तसं लिहून काढ आणि ट्रान्सक्रिप्टशी ताडून बघ, शब्द कुठे एकमेकांत मिसळतात ते तिथेच सापडतं. सबटायटल्स सुरुवातीलाच लावू नकोस प्लीज.

उत्तर २: शब्दांसाठी भाषा-संशोधक कॉक्सहेड यांची अकॅडमिक वर्ड लिस्ट, म्हणजे अभ्यासाच्या इंग्रजीत वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी बघा, २००० सालची आहे, ५७० शब्दकुटुंबं (एक शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब). अ‍ॅनलाइझ आणि अनॅलिसिसमध्ये जोर वेगळ्या जागी पडतो, म्हणून प्रत्येक रूप ऐकून मोठ्याने म्हणा.

प्रश्नकर्ती: थँक्यू दोघांना! क्लिप केवढी घेऊ?

उत्तर १: एखाद मिनिटाची पुरे.