व्हिन्स स्टेपल्सचा 'बिग फिश थिअरी': क्लबच्या ठेक्यात रॅप हरवला की खुलला?

उत्तररात्र:
जून २०१७ मध्ये आलेला अमेरिकन रॅपर व्हिन्स स्टेपल्सचा हा दुसरा अल्बम परवा पुन्हा सलग ऐकला. १२ ट्रॅक, जेमतेम ३६ मिनिटं. रॅप आणि क्लब संगीत इतकं एकजीव झालेलं मी तरी फारसं ऐकलेलं नाही. पहिलाच ट्रॅक घ्या, 'क्रॅब्स इन अ बकेट'. बादलीतल्या खेकड्यांची गोष्ट आपल्याला कुणी वेगळी सांगायला नको! ठेका यूके गॅराज या ब्रिटिश क्लब संगीतासारखा अडखळत, उड्या मारत पळतो आणि व्हिन्सचा आवाज मात्र एका पट्टीत, कुठेही न चढता. पाय नाचायला उठतात आणि कानावर पडतं ते वर चढणाऱ्याला खाली खेचण्याबद्दल. या ताणासाठी मला हा अल्बम त्याच्या पहिल्यापेक्षा मोठा वाटतो.

साधा ठोका:
अजिबात पटलं नाही. त्याचा पहिला, २०१५ चा 'समरटाइम ०६' ऐकलाय ना? २० ट्रॅक, निर्मितीत नो आय.डी. या निर्मात्याचा मोठा हात. २००६ च्या उन्हाळ्यात व्हिन्स जेमतेम १३ वर्षांचा होत होता. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचमधल्या त्या वयाच्या पोराची भीती त्यात ओळीओळीत आहे. तिथे ठेका मागे थांबतो, बोलणाऱ्याला वेळ देतो. हाउस या क्लब संगीतप्रकाराची लय मिनिटाला १२०-१३० ठोक्यांची. त्या लयीत कडवं आखूड होतं, श्वास घ्यायला जागा राहत नाही, मग तीच ओळ चार-चारदा. ज्याच्याकडे सांगण्यासारखं इतकं आहे त्याने असं तुकड्यांत बोलावं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तबकडी:
मुळात 'क्लबच्या ठेक्यात हरवला' हे म्हणणंच मला चुकीचं वाटतं. ही घरं वेगळी कधी होती? १९८२ मध्ये डीजे आफ्रिका बंबाटाने क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडच्या सुरावटी आणि ८०८ ड्रम मशीन घेऊन 'प्लॅनेट रॉक' केलं. रॅपच होतं ते. डेट्रॉइटचा टेक्नो, म्हणजे तिथलं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत, हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डरसन यांनी घडवला, शिकागोचं हाउस फ्रँकी नकल्सच्या हातून वाढलं. सगळे कृष्णवर्णीय कलावंत. नंतर जगाने या संगीताला गोऱ्यांच्या पार्ट्यांचं संगीत समजायला सुरुवात केली. व्हिन्स परक्या घरी गेलेला नाही, आपल्याच घराच्या दुसऱ्या खोलीत गेलाय.

साधा ठोका:
इतिहास शंभर टक्के मान्य. पण वारसा आपला आहे म्हणून गाणं चांगलं ठरत नाही. माझा प्रश्न शब्दांचा आहे.

निशाचर:
मला दोन्ही अल्बम आवडतात, पण शब्द पोचायला इथे हेडफोन लावावे लागले हे खरं. स्पीकरवर नुसता बास.

उत्तररात्र:
मग शब्दांचंच बोलू. या अल्बममधल्या 'येह राइट'च्या निर्मितीत सोफी आणि फ्लूम हे इलेक्ट्रॉनिक संगीत निर्माते आहेत. तिथला बास पत्र्यावर हातोडा मारल्यासारखा, फाटलेला. व्हिन्स त्यावर गाड्या, पैसा, बायका या रॅपमधल्या ठरलेल्या फुशारक्यांना एकेक करून विचारतो, हे खरं आहे का? गुळगुळीत बीटवर हा प्रश्न निघून गेला असता, इथे टोचतो. मग गायिका कुच्काचा तरंगता आवाज येतो आणि नंतर रॅपर केंड्रिक लमार. आणि अल्बममध्ये दुसरीकडे एका तुकड्यात ब्रिटिश गायिका ॲमी वाइनहाउसच्या जुन्या मुलाखतीतला आवाज आहे. २७ व्या वर्षी गेलेली ती बाई बोलताना ऐकू येते आणि पोटात कालवतं. प्रसिद्धीने माणूस कसा एकटा पडतो हे सांगायला लांबलचक कडवं लागलंच नाही.

साधा ठोका:
'येह राइट'बद्दल तुमचं पटलं, ते पुन्हा ऐकेन. ॲमीच्या तुकड्याने मीही हललो. पण तिथे पोटात कालवतं ते तिच्या बोलण्याने. स्वतः व्हिन्सने पहिल्या अल्बममध्ये मला तसं कितीदा तरी हलवलं होतं, इथे ते काम त्याने तिच्या आवाजावर सोपवलं.