रिसॉर्टच्या एसटीपीला डीओ सेन्सर लावून ब्लोअर ऑटोवर टाकायचाय, खरंच फरक पडतो का?

डिचोलीकर_ऑपरेटर
नमस्कार मंडळी, मी कळंगुट भागातल्या एका रिसॉर्टचा ८० केएलडीचा (दिवसाला ८० हजार लिटर) एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट सांभाळतो. साधा एरेशनचा, म्हणजे जिवाणूंना हवा देऊन चालणारा प्लांट आहे, दोन ट्विन लोब ब्लोअर (दोन रोटर फिरवून हवा ढकलणारे), टायमरवर आळीपाळीने चालतात, म्हणजे हवा चोवीस तास सारखीच. अडचण अशी की डिसेंबरात सगळ्या खोल्या भरल्या की सकाळी नऊ-दहाला एरेशन टँकचा डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) ०.५ पीपीएमच्या खाली जातो, वास सुटतो, गाळ बसत नाही. आणि जून-जुलैत पाहुणे नसतात तेव्हा तोच डीओ सहाच्या वर, गाळाचे बारीक कण सुटून वरचं पाणी गढूळ दिसतं आणि वीज फुकट जाते ती वेगळीच. आता मालकांकडे एकाने कोटेशन दिलंय, पीएलसी (कंट्रोल करणारा छोटा कॉम्प्युटर), व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह), डीओ सेन्सर, अमोनिया सेन्सर सगळं धरून, आणि ब्लोअर ३५ हर्ट्झवर आला की दोन तृतीयांश वीज वाचते असं सांगितलंय. मालक मला विचारतायत की करूया का, आणि मला ठामपणे हो पण म्हणता येत नाही नाही पण म्हणता येत नाही. कोणी केलंय का हे?

फोंड्याचा_इन्स्ट्रुमेंटवाला
दादा, करा, पण त्या दोन तृतीयांशवर हिशेब मांडू नका. स्पीडच्या घनाप्रमाणे वीज कमी होते हा नियम पंख्याला आणि सेंट्रिफ्युगल ब्लोअरला लागतो. तुमचा ट्विन लोब आहे, त्याला टाकीतल्या पाण्याच्या उंचीएवढा दाब कायम द्यावाच लागतो, त्यामुळे वीज साधारण स्पीडच्या प्रमाणातच उतरते. ५० चा ३५ केला तर ३० टक्क्यांच्या आसपास, बस्स. तेही कमी नाही, कारण अशा प्लांटच्या बिलात निम्म्याच्या वर भाग बहुतेक हवेचाच असतो. फक्त ब्लोअर कंपनीला कमीत कमी स्पीड विचारून घ्या, त्याच्या खाली नेला तर तो तापतो आणि टाकीत गाळ तळाला बसायला लागतो.

लूप, म्हणजे डीओ बघून ब्लोअरचा स्पीड बदलणारं कंट्रोल, ट्यून करताना घाई नको. हवा वाढवली की डीओ लगेच हलत नाही, दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि पीआयडी (स्पीड किती बदलायचा ते ठरवणारं गणित) जोरात ठेवला की ब्लोअर दिवसभर वर-खाली वर-खाली. सेटपॉइंट, म्हणजे राखायचा डीओ, २ पीपीएम ठेवा, १.८ ते २.२ मध्ये काही हलवायचं नाही असं सांगा.

आणि सेन्सर पुसायचा. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो कारण मी स्वतः एका सोसायटीच्या प्लांटवर यात फसलोय. ऑटो केल्यावर दोन महिन्यांनी बिल उलट वाढलं, कोणाला कळेना. प्रोब वर काढला तर टोकावर राखाडी बुळबुळीत थर आणि त्यात केस गुंडाळलेले. तो थर स्वतःच ऑक्सिजन खातो, म्हणून सेन्सर ०.८ दाखवत होता आणि ब्लोअर फुल स्पीडला. ओल्या फडक्याने पुसून परत सोडला, पाच मिनिटांत ३.६. तेव्हापासून दर सोमवारी पुसणं, आणि महिन्याला एकदा ओला प्रोब सावलीत हवेत धरून बघणं, आपल्याकडे ३० डिग्रीला ७.५ च्या जवळ आकडा यायला हवा.

सत्तरीची_केमिस्ट
फोंड्याच्या दादांचं सगळं बरोबर आहे, मी लॅबच्या बाजूने सांगते. तुमचा दहा वाजताचा प्रॉब्लेम ब्लोअरच्या आधी सुरू होतो. इक्वलायझेशन टँकचा (येणारं पाणी आधी साठवणारी टाकी) पंप फ्लोटवर (पाणी चढलं की पूर्ण चालू, उतरलं की बंद) आहे ना? म्हणजे सकाळी आंघोळी आणि किचनचं पाणी आलं की पंप पूर्ण जोरात एरेशनला ढकलणार आणि दुपारी बंद पडणार. आधी तो पंप लेव्हलवर हळू चालेल असं करा, ८० केएलडी वीस तासांत वाटलं तर तासाला ४ घनमीटर होतं. एवढ्यानेच डीओची बरीच पडझड थांबेल, आणि याला सेन्सरचा खर्च फार नाही.

दुसरं, अमोनिया सेन्सर आत्ता नको. त्याची देखभाल जड असते, आठवड्याला दोनदा सॅम्पल लॅबला द्या. पण अल्कलिनिटी (आम्ल झेलून पीएच टिकवायची पाण्याची ताकद) बघा. १ मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजनचं नायट्रेट करायला ४.५७ मिलिग्रॅम ऑक्सिजन आणि ७.१४ मिलिग्रॅम अल्कलिनिटी लागते. म्हणजे ३० पीपीएम अमोनियाला २१४ पीपीएम अल्कलिनिटी. आपल्या जांभ्याच्या भागातल्या विहिरींचं पाणी मुळात मऊ, एवढी अल्कलिनिटी त्यात नसते, मग पीएच घसरतो आणि कितीही हवा दिली तरी अमोनिया उतरत नाही. यावर उपाय म्हणजे अधूनमधून हवा थांबवायची, त्या वेळात नायट्रेट फुटतं आणि निम्मी अल्कलिनिटी परत मिळते. तुमच्या पीएलसीत हे वेळापत्रक फुकटात बसेल. पणजीला टोंकचा प्लांट एसबीआर आहे, तिथे एकाच टाकीत भरणं, हवा देणं, बसू देणं, वरचं पाणी काढणं हे सगळं घड्याळावरच चालतं.

एक धोका मात्र नक्की लिहून ठेवा. हाऊसकीपिंगने ब्लीच किंवा फिनेल भरपूर ओतलं की जिवाणू मरगळतात, ऑक्सिजन घेत नाहीत, डीओ वर चढतो आणि कंट्रोलरला वाटतं छान चाललंय म्हणून तो हवा कमी करतो. पाहुणे भरलेले असताना डीओ अचानक वर गेला तर अलार्म वाजलाच पाहिजे. जीव आहे तो टाकीतला, त्याची काळजी आकड्यावर सोडून चालत नाही.

म्हापशेकर
एकच सांगतो, लाईट गेली आणि आली की व्हीएफडी आपोआप परत सुरू होतो का ते विचारा. आमच्याकडे ती सेटिंग बंद होती, पावसात रात्री लाईट गेली, जनरेटर लागला, ब्लोअर मात्र सकाळपर्यंत बंद. टाकी काळी पडली आणि परत रुळावर यायला दोन आठवडे गेले. सेन्सरची वायर तुटली तर ब्लोअर ठरलेल्या स्पीडवर जायला हवा, शून्यावर नाही, हेही कोटेशनमध्ये लिहून घ्या.

डिचोलीकर_ऑपरेटर
ताई, दादा, मनापासून आभार. आज टँकवर जाऊन बघितलं, फ्लोटवरच आहे, आणि सकाळी पावणेनऊ ते दहा पंप एकदाही थांबला नाही. अल्कलिनिटी आउटलेटला ४० आली, पीएच ६.३. मालकांना सांगितलं की आधी पंप, मग व्हीएफडी आणि डीओ सेन्सर, अमोनियाचा काढून टाका. कोटेशन परत मागवलंय. चवथीच्या आधी पंपाचं काम झालं तर हंगाम सुरू व्हायच्या आत महिनाभराचे आकडे हातात येतील, ते इथेच टाकतो.