वारली: कापडावरचा तांदळाचा पांढरा रंग सुकल्यावर उडतो

रेघोट्या: मांजरपाटावर शेण-गेरूचा लेप देऊन वर विकतच्या तांदळाच्या पिठीने काम चालू आहे. बारीक रेषा टिकतात, पण माणसांचे भरीव त्रिकोण पापुद्र्यासारखे सुटतात. डिंक वाढवला की भेगा पडतात. प्रमाण काय धरावं?

गेरू_चुना: रेषा टिकते आणि भरीव भाग उडतो, म्हणजे थर जाड होतोय. पिठीचा रंग ओला असताना जेमतेम दिसतो, पांढरेपणा सुकल्यावर येतो. दिसत नाही म्हणून लगेच दुसरा हात मारला की घोळ झालाच. एक हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग ठरवा.

विकतची पिठी भरड असते. तांदूळ रात्रभर भिजवून गंधासारखे वाटा, फडक्यातून गाळा. डिंकही रात्री भिजत घालून गाळून घ्या. चार चमचे वाटणाला एक चमचा डिंकाचं पाणी, इथून सुरुवात करा. वाळलेल्या ठिपक्यावर बोट घासून बघा: पूड लागली तर डिंक कमी, पूड न लागता कडा वर वळल्या तर जास्त.

भिंतवाला: त्याआधी पापुद्रा उलटा करून बघा. मागे तांबडं असेल तर लेपच सुटतोय, पिठीला दोष देऊ नका. नव्या मांजरपाटाला खळ असते. गरम पाण्यात धुऊन ती काढल्याशिवाय लेप धाग्यात मुरत नाही. शेण गाळून घ्या आणि लेपातही थोडा डिंक घाला.

चौकट: वरचं सगळं बरोबर, पण विक्रीसाठी असेल तर पिठीचा हट्ट कशाला? लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक (लग्नविधीचं चौकोनी चित्र) लिहितात तो कार्यापुरता, वर्षानुवर्षं टिकवायला नाही. पिठीला झुरळं लागतात, उरलेला रंग दुसऱ्या दिवशी आंबतो. कापडावर पांढरा पोस्टर रंग किंवा ॲक्रिलिक वापरा, फक्त गिऱ्हाइकाला तसं सांगा. बांबूची काडी मात्र सोडू नका, टोक ठेचून घेतलं की ब्रशपेक्षा रेषेत जास्त जीव येतो.

रेघोट्या: मागे तांबडंच आहे. तयार चित्र गुंडाळताना रंग आत की बाहेर?

भिंतवाला: बाहेर. आत घेतला तर थर दाबला जाऊन सुटतो. नळी जाड घ्या, मध्ये साधा कागद घाला. घडी तर नकोच.