सिफिलिस: इंजेक्शननंतर सहा महिन्यांनीही रिपोर्ट पॉझिटिव्ह, डोस पुन्हा द्यायचा का?

प्रश्न:
प्राथमिक सिफिलिससाठी (या लैंगिक आजाराची पहिली अवस्था) बेंझाथिन पेनिसिलिन 24 लाख युनिट एकदाच दिलं. तेव्हा व्हीडीआरएल (रक्ताची टेस्ट; दुसरा आकडा मोठा तितका आजार सक्रिय) 1:32 होता, सहा महिन्यांनी 1:8 आलाय. टीपीएचए (सिफिलिसच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी टेस्ट) अजूनही पॉझिटिव्ह. डोस कमी पडला का? शिवाय इंजेक्शनच्याच रात्री थंडी वाजून ताप आला होता. ती अ‍ॅलर्जी धरायची का?

उत्तर 1:
डोस पुरेसा होता, पुन्हा नको. 1:32 वरून 1:16, मग 1:8, म्हणजे दोन पायऱ्या, चौपट घट. उपचार लागू पडल्याची खूण हीच. टीपीएचए बहुतेकांचा जन्मभर पॉझिटिव्ह राहतो, त्यावरून औषध ठरवू नका. पुढची तपासणी इंजेक्शनला 12 महिने झाल्यावर, शक्यतो त्याच लॅबमध्ये आणि व्हीडीआरएलच. मध्येच आरपीआर (तशीच दुसरी टेस्ट) केली तर आकडे जुळत नाहीत आणि उगाच घाबरायला होतं. एका पायरीचा फरक टेस्टमध्येच असतो. पण 1:8 चा 1:32 झाला आणि दोन आठवड्यांनीही तेवढाच राहिला, तर पुन्हा लागण झाली असेल किंवा उपचार फसला असेल.

उत्तर 2:
तो ताप अ‍ॅलर्जीचा वाटत नाही. जंतू एकदम मरू लागले की पहिल्या 24 तासांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी येते. तिला यारिश-हर्क्सहायमर प्रतिक्रिया म्हणतात. पॅरासिटामॉल पुरतं. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं ही अ‍ॅलर्जीची लक्षणं. कृपा करून केसपेपरवर ‘पेनिसिलिन अ‍ॅलर्जी’ असं सहज लिहू नका. पुढे गरोदरपणात सिफिलिस निघाला तर पेनिसिलिनशिवाय खात्रीचा पर्याय नाही.

प्रश्नकर्ता:
आणि लागण कधीची ते माहीतच नसेल तर?

उत्तर 3:
मग जुनी समजून 24 लाखांचे तीन डोस, आठवड्याच्या अंतराने. दोन्ही कुल्ल्यांत 12-12 लाख, खोल स्नायूत. बेंझाथिन शिरेत कधीही नाही, जिवावर बेततं. पावडरची बाटली असेल तर इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी घालून नीट हलवा आणि लगेच द्या. द्रावण दाट असतं, बारीक सुई हमखास तुंबते. सावकाश पण न थांबता दाबा. क्रिस्टलाइन पेनिसिलिन याच्या जागी चालत नाही, ते काही तासांत शरीराबाहेर जातं. दिसायला-ऐकायला त्रास असेल तर हा कोर्स पुरणार नाही. भरती करून 10 ते 14 दिवस शिरेतून क्रिस्टलाइन पेनिसिलिन लागतं.

उत्तर 1:
जोडीदाराचं राहिलंच. गेल्या 90 दिवसांत संबंध आला असेल तर रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी त्यालाही इंजेक्शन द्या, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत टेस्ट चुकते. दोघांचीही एचआयव्ही तपासणी करून घ्या.