वर्गात ‘बायल्या’ म्हणून चिडवणे कसे थांबवावे?

प्रश्न (पालक, कोथरूड):
माझा मुलगा आठवीत आहे. त्याच्या चालण्याबोलण्यावरून मुले त्याला ‘बायल्या’ म्हणतात, त्याचा डबा लपवतात. वर्गशिक्षकांना सांगितले, तेव्हा ‘त्यालाच जरा मुलासारखे वागायला शिकवा’ असे उत्तर मिळाले. शाळेकडे नेमके काय मागावे?

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापिका, सदाशिव पेठ):
तारखा, वापरलेले शब्द आणि तेथे हजर असलेल्यांची नावे लिहून मुख्याध्यापकांना अर्ज द्या व त्याची पोच घ्या, कारण तोंडी तक्रार विसरली जाते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार बालकाचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. शिक्षकांचे ते वाक्यही अर्जात लिहा. मला तेच सर्वांत गंभीर वाटते.

उत्तर (समुपदेशक, औंध):
मुलगा समलैंगिक आहे का, हे त्याला खोदून विचारू नका आणि शाळेलाही विचारू देऊ नका. छळ थांबवण्यासाठी त्या उत्तराची गरजच नाही. कोणी ‘उपचार’ सुचवल्यास ठाम नकार द्या, कारण जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली आहे. मुलाला स्वतःला बोलावेसे वाटले, तर १०९८ ही बालकांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. अर्ज आज रात्रीच लिहितो, मात्र आधी त्याला वाचून दाखवीन.