मदत हवी आहे: गणपतीत लावायला बरा ‘दुसरा भाग’ सुचवा

नमस्कार मंडळी. आम्ही देवगडकडचे. गणपतीत आरती-भजन आटपलं की टीव्हीपुढे चटया पडतात आणि कोणीतरी ‘नवरा माझा नवसाचा’ लावतंच. 2004 चा पिक्चर, पण मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालेली ती एसटी आणि कंडक्टर अशोक सराफ! आमचे काका तर संवाद पडद्याच्या आधी म्हणतात.

गेल्या खेपेला मी हौसेने 2024 चा दुसरा भाग लावला. एसटीच्या जागी कोकण रेल्वे, अशोकमामा टीसी. म्हटलं, गाडी तर आपलीच! अर्ध्या तासात आई म्हणाली, “ह्यां काय लावलंस? पयलोच लाव.” काका हातात अर्धी करंजी धरून घोरत होते. खोटं कशाला बोलू, माझंही मन एसटीतच अडकलं होतं.

‘झपाटलेला’चंही तेच. 2013 चा थ्रीडी भाग आला, पण लक्ष्याच नाही म्हटल्यावर बाहुल्याला घाबरणार कोण?

तर यंदा मराठी-हिंदीत असा दुसरा भाग सांगा, ज्याने पहिल्याची चव बिघडत नाही. ‘लगे रहो मुन्नाभाई’ सोडून, तो पाठ आहे. सोबत ऐंशीची आजी आणि सात वर्षांचा भाचा असतो, तेव्हा जरा बघून सुचवा. आणि चाकरमानी यायच्या आत सांगा हं, आमच्या वाडीत नेट रांगतं, डाउनलोडसाठी मला कणकवली गाठावी लागते.